शब्दाला दीड रुपया

बोरा बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
खाली झेरॉक्सची दुकानं, वर मी
आणि इंग्रजीतून मराठीत आणायची एक नदी.
एकशे बारा पानं. शब्दाला दीड रुपया.
सोमवारपर्यंत द्या मॅडम, म्हणाला कंपनीचा मुलगा,
तालुक्याला जनसुनावणी आहे,
लोकांना त्यांच्या भाषेत कळायला हवं, नियमच आहे.

नदीचं नाव शेलटी.
ते पहिल्यांदा येतं पान नऊवर.
तोवर नुसते मेगावॅट.

मोठं धरण नाही म्हणतात, भिंत बुटकी.
फक्त पाणी डोंगराच्या पोटातून न्यायचं
आणि अकरा किलोमीटर खाली परत सोडायचं.
त्या अकरा किलोमीटरला मी आधी लिहिलं
'वळवलेला भाग'.
मग चहा मागवला. मग खोडलं.
वळतं ते पाणी. भाग तिथेच राहतो,
दगड उघडे टाकून, उन्हात.
'कोरडा' लिहिलं.
एकच शब्द, दीडच रुपया.

पान एक्केचाळीस:
'उल्लेखनीय मत्स्यप्रजाती आढळल्या नाहीत.'
पाहणी मे महिन्यातली, दोन दिवस, दुपारची.
मला तरी काय कळतं, मी गिरगावातली,
माझे मासे बर्फावर निजलेले
आणि भाव विचारल्यावरच त्यांना नाव.

शेवटी ग्रामसभेचा ठराव जोडलेला,
निळ्या अंगठ्यांचा, आधीच मराठीत,
म्हणजे माझ्या हिशेबात शून्य शब्द.
खाली एक नंबर होता. लावला.

जानकी हिलम बोलल्या. मागे कोंबड्या, कुणाचा तरी खोकला.
तुमच्या नदीत मासे कोणते, विचारलं.
कधीचे, बाई?
चढणीचे वेगळे, पाणी उतरल्यावरचे वेगळे,
रात्री कंदील धरला की दिसतात ते आणखी वेगळे.
मळ्या. खडशी. मुऱ्या, दगडाला धरून असतो तो.
आणि कोंडीत अहेर आहे एक, मांडीएवढा,
त्याला आम्ही हात लावत नाही,
तो समुद्राकडून चढून आलाय,
परत जायचंय त्याला.
मग थांबून म्हणाल्या, तुम्ही कुठून बोलता?
मुंबई.
मग तुमच्याकडेच यायचीय की ती.

मी वर पाहिलं. ट्यूबलाइट
नेहमीसारखी करकरत होती.
फोन हातात गरम झालेला.
काहीतरी बोलायला हवं होतं, मी म्हटलं
रेंज जातेय.

'आढळल्या नाहीत' तसंच ठेवलं, ते मूळ आहे.
त्याखाली बारीक अक्षरात
भाषांतरकाराची टीप, तेवीस शब्द, चार मासे,
अहेर शेवटी, त्याच्या प्रवासासकट.

मंगळवारी मुलगा पान घेऊन आला,
बोट टीपेवर. मॅडम, हे मुळात नाही.
मुळात आहे, म्हटलं.
तो बघत राहिला. चांगला मुलगा आहे,
त्याच्या शर्टाला कालची इस्त्री होती.
नदीचं मूळ शोधू नये म्हणतात,
मीही कुठे शोधलं होतं,
एक फोन केला होता फक्त.

सुनावणी पुढे ढकलली म्हणे.
कुणामुळे, कळलं नाही. माझ्यामुळे तर नक्कीच नाही.
टीप छापली की कापली, तेही कुणी सांगितलं नाही.
चेक आला. साडेचौतीस रुपये कमी.

आमची चाळ पाडून टॉवर झाला, मी एकोणिसाव्या मजल्यावर.
पहाटे पाचला पंप सुरू होतो,
भिंतीतल्या नळीतून पाणी चढत येतं,
सातवा, अकरावा, चौदावा,
मला झोपेतही ऐकू येतं.
मी पडल्या पडल्या मोजते
आणि माझ्या मजल्यापाशी
दर वेळी आकडा चुकतो.